श्रावणात केलेली सही

विंचेस्टरला मी कॅथीड्रल बघायला गेले नव्हते. मला ह्यांच्याशी बोलायचं होतं, आणि इंग्लंडात लेकीच्या बेसिंगस्टोकच्या घरात ते जमत नव्हतं. तिथल्या भिंती अशा पातळ की बाथरूममध्ये कोणी खाकरलं तरी स्वयंपाकघरात कळतं. शिवाय सहा महिने रोज ‘उद्या सांगू’ म्हणत मी ते पुढे ढकललं होतं, आणि आता उद्या उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं परतीचं विमान होतं.

सांगायचं होतं ते एवढंच, की मी सही केली होती.

आमची सोसायटी पुण्यात, कोथरूडला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. ती इमारत ह्यांनी बांधली. मालक बिल्डर होता, पण साइटवर इंजिनिअर म्हणून उभे होते ते हे. सव्वीस वर्षांचे होते. पायाच्या पहिल्या खड्ड्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत झालं, आणि पुढे त्यातलाच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही घेतला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अभ्यंगस्नान झालं, फराळाची ताटं मांडली, आणि हे सायकलवर टांग मारून साइटवर निघून गेले. मजूर गावाला गेले होते आणि नव्या स्लॅबला पाणी मारायचं राहिलं होतं. मी नव्या साडीत दारात उभी. तेव्हाच मला कळलं की मला सवत आहे आणि ती सिमेंटची आहे.

आता ती इमारत पाडून नवी बांधायची सगळ्यांच्या मनात आहे. पुण्यात हल्ली दर गल्लीत हेच चाललंय. पंधरा घरांनी होकार दिला, राहिलो आम्ही. कायद्याने आमच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. पण चाळीस वर्षं एकमेकांकडे विरजण मागितलेली माणसं ती, आमच्यासारख्यांना कोर्टात ओढायला नको म्हणून थांबली होती. चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन वर्षांत आपल्या पायांनी खाली आलेल्या नाहीत. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून सोडतात. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे चौघांनी खुर्ची धरायची, आणि त्या चौघांत एक हे असतात. खुर्ची धरतील, सही करणार नाहीत. ‘चांगल्या धडधाकट बिल्डिंगला हातोडा लावू देणार नाही,’ हे ह्यांचं पालुपद.

फ्लॅट दोघांच्या नावावर असल्यामुळे आमच्या घरच्या सह्या दोन लागत होत्या. लेकीकडे निघायच्या आधीच्या श्रावणात, शुक्रवारच्या हळदीकुंकवाला मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या बायकोने हळदकुंकू लावलं, दुधाचा पेला दिला, ओंजळीत फुटाणे घातले, आणि मग टीपॉयवरचा कागद माझ्याकडे सरकवला. ‘तुमची तरी करून ठेवा वहिनी. भाऊजींचं बघू पुढे.’ मी फुटाणे रुमालात बांधले आणि सही केली. जबरदस्ती कोणी केली नाही. मला लिफ्ट हवी होती. माझे गुडघे गेली चार वर्षं दुखतायत, आणि तिसऱ्या मजल्यावर राहायचं म्हणजे चोपन्न पायऱ्या. ह्यांच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी कागदावर बोलले.

घरी पोचलो की रविवारी सोसायटीची सभा होती. सहा महिने हे तिची तयारी करत होते. लेकीच्या प्रिंटरवर छापलेले कागद एका निळ्या फाइलमध्ये लावले होते. ‘पंधरा घरं एकीकडे आणि आपण दोघं एकीकडे,’ असं म्हणायचे, तेही मोठ्या ऐटीत. ते ‘आपण दोघं’ आलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. सभेत सेक्रेटरी तो कागद काढणार, माझी सही सगळ्यांसमोर येणार, आणि त्या वेळचा ह्यांचा चेहरा सगळी सोसायटी बघणार. त्याआधी हे माझ्या तोंडून ह्यांच्या कानावर जायला हवं होतं.

लेक स्टेशनवर सोडायला आली. ‘बाबा, रिटर्न तिकिटं फोनवर आहेत, स्क्रीनशॉटपण पाठवलाय. चारची ट्रेन पकडा हां, बॅगांचं वजन करायचं बाकी आहे. आणि प्लीज, तिथे भिंती चेक करत बसू नका. आईला जरा नीट एन्जॉय करू दे.’ तिचं चुकलं नाही. सहा महिन्यांत केंब्रिज झालं, साउथहॅम्प्टन झालं, आणि प्रत्येक ठिकाणी लोक वर बघत असताना हे खाली वाकून भिंत जमिनीला कुठे टेकते ते बघत होते. फोटोंमध्ये निम्म्या ठिकाणी ह्यांची पाठच आली आहे.

ट्रेनमध्ये सांगून टाकू असं मी ठरवलं होतं. समोर एक बाई विणत बसली होती. तिला मराठी येणं शक्य नव्हतं, तरी तिच्या देखत मला तोंड उघडवेना. पंधरा-सोळा मिनिटांत विंचेस्टर आलंसुद्धा.

फेब्रुवारी संपत आला होता. ऊन होतं, पण हात खिशातून काढवत नव्हता. स्टेशनपासून उताराने खाली आलो, दुकानांच्या रस्त्यावरून आत वळलो, आणि दुतर्फा झाडांच्या वाटेच्या शेवटी ते कॅथीड्रल दिसलं. उंच शिखर नाही, कळस नाही, नुसतंच लांबलचक. ‘बसकं आहे,’ हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. एवढ्यासाठी आलो का, असंही मनात येऊन गेलं.

मग आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले.

काय सांगू? दोन्ही बाजूंनी दगडाचे खांब, एकामागे एक एकामागे एक, आणि पार दुसऱ्या टोकाला उभी असलेली माणसं बोटाएवढी दिसत होती. खांब सरळ वर गेलेले, मान दुखेपर्यंत वर, आणि तिथे छताला त्यांच्या कमानी एकीतून एक निघत सुपाच्या विणीसारख्या गुंतलेल्या. दगड इतका हलका दिसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. खिडक्यांतून उजेड येत होता तोही वेगळाच, जुन्या तुपाच्या रंगाचा. कोणीतरी पलीकडे खुर्ची सरकवली तर तो आवाज वर गेला आणि बऱ्याच वेळाने खाली आला. नऊशे वर्षं उभं आहे म्हणे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. का ते विचाराल तर नाही सांगता येणार. तो काही माझा देव नव्हे, नमस्कार कोणीकडे तोंड करून करायचा हेही मला कळेना. तरी हात जोडले गेले, आणि मी ते तसेच ठेवले.

मागे वळून बघितलं तर आलो त्या दाराच्या वर एक प्रचंड खिडकी. रंगीत काचांची, पण तिच्यात चित्र सापडेना. एवढ्याशा तुकड्यात एक डोळा, त्याच्या शेजारी कोणाच्या तरी झग्याची घडी, मध्येच अर्धं अक्षर. खालच्या पाटीवर वाचलं की पूर्वी इथे संतांची चित्रं होती. साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी इथल्या यादवीत सैनिकांनी खिडकी फोडली. गावातल्या लोकांनी काचा वेचून ठेवल्या, आणि दिवस पालटल्यावर त्या पुन्हा लावल्या, जशा हाताला आल्या तशा. कुठला तुकडा कुठला हे तोवर कोणालाच आठवत नव्हतं. मी त्या खिडकीसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. फुटलेल्या काचा उचलून घरी नेणाऱ्या त्या बायाबापड्यांचे हात मला दिसायला लागले. त्यांनी त्या कशात गुंडाळल्या असतील? मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून कुठे ठेवल्या असतील? एवढं मोठं देऊळ बांधणाऱ्यांपेक्षा मला ती काचा वेचणारी माणसं मोठी वाटली.

हे सगळं ह्यांना दाखवायला वळले, तर हे गायब.

सापडले ते थेट पूर्वेच्या टोकाला. एका खांबासमोर गुडघे वाकवून, एक डोळा मिटून उभे होते. हातात माझ्या पर्समधल्या शिवणाच्या डबीतला दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. भर कॅथीड्रलमध्ये ह्यांनी ओळंबा सोडला होता! गवंडी भिंत उभ्या रेषेत आहे की नाही ते दोऱ्याला वजन बांधून बघतात, तो ओळंबा. मी दातओठ खात म्हटलं, ‘अहो, काय हे! लेकीने काय सांगितलं होतं?’

‘श्शू. हलवू नकोस हवा,’ हे म्हणाले. ‘हे बघ. हा खांब बाहेर झुकलाय. ही भिंतपण. पायाखालची फरशी बघ, नीट सपाट नाहीये.’

तेवढ्यात एक आजीबाई आमच्याकडे येताना दिसल्या. गळ्यात ओळखपत्र होतं, म्हणजे तिथल्या स्वयंसेविका असणार. आता आपल्याला बाहेर काढणार, ह्या वयात हीच शोभा बाकी होती, असं वाटून मी पदर सावरायला गेले. पदर नव्हताच, अंगात लेकीचा मोठा कोट होता. त्या आजी येऊन ह्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्यांनीही एक डोळा मिटला, दोऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे, हा सगळा भाग वाकडा आहे. मग म्हणाल्या, इतकी वर्षं मी इथे येते, लोक मला राजांच्या अस्थींच्या पेट्या कुठे आहेत ते विचारतात, स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. भिंत सरळ आहे का, हे तपासणारे तुम्ही पहिलेच.

ह्यांना आकाश ठेंगणं झालं. ‘आय ॲम अ फाउंडेशन मॅन,’ असं ह्यांनी छाती काढून सांगितलं. आजींनी ते इतक्या गांभीर्याने ऐकून घेतलं की मलाच हसू आवरेना.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी माझं हसू विसरले. हे सगळं दलदलीवर उभं आहे. खाली काळी, कुजकी, पाणथळ माती. नऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी झाडांचे ओंडके आडवे टाकले आणि त्यावर हा डोंगर रचला. ओंडके हळूहळू खचत गेले. शंभरेक वर्षांपूर्वी भिंतींना भेगा पडल्या, इतक्या मोठ्या की आत घुबडं राहत, आणि वरून दगड पडायला लागले. पाया नवा घालावा म्हणून खणायला गेले, तर खड्डे पाण्याने भरत. पाणी उपसावं तर माती वाहून जाऊन वरची भिंत खाली येणार. तेव्हा त्यांनी एक पाणबुड्या आणला. तो माणूस पाच-सहा वर्षं रोज त्या खड्ड्यांत उतरत होता. पाणी इतकं गढूळ की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. सगळं हातांनी चाचपत, एकट्याने, त्याने भिंतींखाली काँक्रीटच्या गोण्या लावल्या. त्या भिंतींखाली आपण आत्ता उभे आहोत.

‘एकटा?’ ह्यांनी विचारलं.

आजींनी मान हलवली. पाण्याखाली एकटाच, म्हणाल्या.

मग त्या आम्हांला तळघर दाखवायला घेऊन गेल्या. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठ्या असतील, पण पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याला हातसुद्धा लावला नाही. मला त्यांचा असा काही हेवा वाटला की विचारू नका. मी एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, अशी लहान मुलासारखी उतरले.

खाली आत जाता येत नव्हतं. हिवाळ्यात तळघरात जमिनीतून पाणी वर येतं, दर वर्षी येतं, आणि उन्हाळ्याकडे आपणहून उतरतं. आम्ही दाराशी उभे राहून बघितलं. बुटक्या जाड कमानी, आणि त्यांच्या खाली काळंभोर, जराही न हलणारं पाणी. प्रत्येक कमानीचा पुरा गोल दिसत होता, अर्धा दगडाचा आणि अर्धा पाण्यातला. मध्यभागी माणसाएवढा एक पुतळा गुडघाभर पाण्यात उभा होता, ओंजळीत बघत. वर तेवढा उजेड, तेवढी उंची, आणि ती सगळी ह्या काळ्या पाण्यावर नऊशे वर्षं तोललेली, हे माझ्या डोक्यात मावेना.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. देवळात चप्पल काढायलाही आठवण करून द्यावी लागते अशा माणसाने. ओठ किंचित उघडे होते आणि डोळे लहान पोराने सर्कस बघावी तसे. माझ्या मनात आलं, ह्याच माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार केला आणि मी ह्याला सिमेंटवेडा म्हणून हसत राहिले. त्याला काय दिसतं ते मला आज पहिल्यांदा दिसत होतं. सगळे लोक वर बघतात. पण हे वर टिकतं ते खाली कोणीतरी अंधारात हात घातला म्हणून, आणि ह्यांचं आयुष्य त्या खालच्या बाजूला गेलं. मला ह्यांचा फार अभिमान वाटला आणि त्याच क्षणी ती सही आठवली.

वर आल्यावर हे माझा दंड धरून म्हणाले, ‘बघितलंस? पाडलं नाही त्यांनी! भेगांत घुबडं राहायला लागली तरी पाडलं नाही. माणूस बुडवला पाण्यात, पण वाचवलं. रविवारी सभेत मी हेच सांगणार. नऊशे वर्षं! आणि आमचे हे लोक चाळीसला हातोडा घेऊन निघाले. आपण दोघं पुरे आहोत त्यांना.’

म्हणजे जिथे सांगायला आले होते, तिथेच माझं सांगणं दसपट अवघड होऊन बसलं. आता ह्यांच्या पाठीशी अख्खं कॅथीड्रल उभं होतं.

आजींचा निरोप घेताना त्या म्हणाल्या, बाहेर उत्तरेच्या बाजूला गवतात विटांच्या रेघा आहेत, फाउंडेशन मॅनने त्या बघायलाच हव्यात. आम्हांला भूकही लागली होती. आम्ही डबा घेऊन त्या हिरवळीवरच्या बाकावर जाऊन बसलो. लेकीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं दिलं होतं. पुढे गवतात खरंच लाल विटांच्या रेघा होत्या, जमिनीला अगदी समतल. सरळ जाऊन वळत होत्या, मध्येच अर्धगोल घेत होत्या. मुलांनी खेळायला आखावं तसं काहीतरी मोठं आखलेलं. एक बाई त्यांच्यावरून मुलाची बाबागाडी ढकलत निघून गेली.

जवळच्या पाटीपाशी जाऊन ह्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला लागले. ह्या जागी आधीचं चर्च होतं. चारशेहून जास्त वर्षं उभं होतं. राजांचे राज्याभिषेक त्यात झाले, दफनं त्यात झाली. शेजारी हे नवं बांधून झालं आणि…

तिथे हे थांबले. पुढचं मनातच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘पाडलं,’ हे म्हणाले. ‘नवं तयार होताच जुनं पाडलं. त्यातले दगड काढून नव्यात लावले.’

पुरी न खाताच हे त्या रेघेवर जाऊन उभे राहिले. मग एका पावलाला दुसरं लावत, हळूहळू, त्या विटांवरून चालायला लागले. मी बाकावरून बघत होते. कोपऱ्याशी थांबायचे, वाकून वळण बघायचे, पुढे जायचे. अर्धगोलात शिरले तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. ह्यांच्या मागे कॅथीड्रलची भिंत अशी उभी होती की हे फारच लहान दिसत होते. सगळी फेरी पुरी करून परत आले तेव्हा नाक थंडीने लाल झालं होतं.

‘चांगलं बांधलं होतं गं,’ हे म्हणाले. ‘आखणीवरूनच कळतं. कच्चं काम नव्हतं ते.’

‘मग का पाडलं?’

‘ते काही लिहिलं नाहीये.’

‘अपुरं पडलं असेल,’ मी म्हणाले. ‘चांगलं असलं तरी अपुरं पडतं. अहो, ऐका. मी सही केलीय. श्रावणात. सेक्रेटरींच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा.’

मला वाटलं होतं ओरडतील. किंवा उठून चालू लागतील. तसं काहीच झालं नाही. डब्याचं झाकण ह्यांच्या हातात होतं, ते ह्यांनी उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

‘वाचून केलीस?’

‘नाही.’

‘न वाचता?’ आता मात्र आवाज चढला. ‘नवीन पाया किती खोल घेणार, माती तपासली का, कॉलम किती, काही बघितलं नाहीस? न वाचता सही?’

गुन्हेगार मी, आणि राग मलाच आला. ‘पाया तुमच्याशिवाय कोण बघतं? मी एवढंच बघितलं की त्यात लिफ्ट आहे. गुडघे दुखतात माझे.’

‘हे तू मला कधी बोलली नाहीस.’

‘कधी बोलले नाही? रोज बोलते! चार वर्षं रोज बोलते. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर मी “आई गं” म्हणून थांबते, तेव्हा तुम्ही काय करता?’

‘तुझ्या हातातल्या पिशव्या घेतो.’

‘आणि मग?’

‘मग पुढे जाऊन दार उघडतो,’ हे म्हणाले.

मला रडू फुटलं. हिवाळ्याच्या उन्हात, परक्या देशात, हातात लोणच्याची फोड घेऊन मी रडले. पिशव्या घेणारा माणूस वाईट नव्हे हे मला कळत होतं. पण मागे वळून न बघता पुढे जाणाऱ्या त्या पाठीवर मी किती चिडले होते, ते मला त्या बाकावर कळलं. ‘मला तुमच्याविरुद्ध जायचं नव्हतं,’ मी म्हणाले. ‘मला फक्त वर जायचं होतं.’

हे माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या गुडघ्यांकडे बघत होते, टक लावून, एखाद्या कामाकडे बघावं तसे.

‘रायझर सात इंचांचा आहे,’ हे म्हणाले.

‘काय?’

‘आपल्या जिन्याचा. पायरीची उंची. सहाची घ्यायला हवी होती. सहाची घेतली असती तर मजल्यामागे तीन पायऱ्या वाढल्या असत्या, जिना अडीच फूट पुढे आला असता, पार्किंगची जागा गेली असती. बिल्डरने मला विचारलं. मी म्हटलं, सात चालेल.’ हे थांबले. ‘कोणाला विचारायलासुद्धा गेलो नाही. तेव्हा दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचो. म्हातारं कोणी होणार आहे, असं डोक्यातच नव्हतं. काकूंची खुर्ची उतरवताना दर वेळी मला ते आठवतं. सांगायचं कोणाला?’

एवढी वर्षं एका छताखाली राहून मला ते ठाऊक नव्हतं. मी पदर शोधला, पुन्हा कोटच हाताला लागला, शेवटी डब्याखालच्या कागदी रुमालाने नाक पुसलं. कॅथीड्रलच्या घड्याळाचे ठोके पडले. चारची गाडी बहुतेक चुकणार होती, आणि हे उठायचं नाव घेत नव्हते.

‘पाया मात्र मी बघणार,’ हे अखेरीस म्हणाले. ‘रोज साइटवर जाऊन. ते म्हणोत काहीही. तेवढं लिहून घेईन आणि मग तुझ्या सहीखाली माझी करीन. आणि जिना सहाचा. तेही लिहून घेईन.’

‘लिफ्ट असेल ना आता. जिन्याचं काय एवढं?’

‘लिफ्ट बंद पडते,’ हे म्हणाले, आणि आता माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘मग तू काय करशील?’

चोपन्न पायऱ्या चढताना मी काय करते, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.